कॉलेजात स्पॅनिश शिकायचं म्हणजे: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश नेमकी किती देशांत चालते?

वीस स्वतंत्र देशांचा कारभार स्पॅनिशमधून चालतो. युरोपात स्पेन, आफ्रिकेत इक्वेटोरियल गिनी आणि उरलेले अठरा अमेरिका खंडांत, मेक्सिकोपासून चिली-अर्जेंटिनापर्यंत. पोर्तो रिको वेगळं, कारण तो अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे. ब्राझील या यादीत नाही, तिथे पोर्तुगीज बोलतात. म्हणूनच ब्राझीलचा माणूस ‘लॅटिनो’ (लॅटिन अमेरिकेचा) असतो पण ‘हिस्पॅनिक’ (स्पॅनिशभाषक) नसतो, आणि माद्रिदच्या माणसाचं बरोबर उलटं. हे दोन शब्द एकच समजून लिहिलेली उत्तरं संस्कृतीच्या पेपरात हमखास गुण घालवतात.

कॉलेजात स्पॅनिश ‘ओपन इलेक्टिव्ह’ आहे. तेवढ्यावर भाषा येईल का?

नाही. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास. दोन क्रेडिटांचा विषय 30 तासांत संपतो, चार क्रेडिटांचा 60 तासांत. ए-वन ही अगदी पहिली पायरी गाठायलाही वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून साधारण 80 ते 100 तास लागतात. तरीही विषय घ्यावा. उच्चार आणि पहिली दोनशे-तीनशे क्रियापदं समोर माणूस असताना जितकी नीट बसतात तितकी ॲपवर बसत नाहीत. नाव घालण्याआधी एवढं विचारून घ्या: तोंडी परीक्षा आहे का, आणि पुढच्या सेमिस्टरला याच भाषेचा दुसरा टप्पा आहे का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तो विषय फक्त ओळखीपुरता आहे असं समजा.

पदवीच स्पॅनिशमध्ये करायची असेल तर?

मग घर सोडायची तयारी ठेवा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बीए ऑनर्स स्पॅनिश आहे, प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. हैदराबादचं इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) आणि डेहराडूनचं दून विद्यापीठ हेही पर्याय आहेत. बारावीत स्पॅनिश नसली तरी अडत नाही, पहिलं वर्ष मुळाक्षरांपासूनच सुरू होतं. मात्र तिसऱ्या वर्षी अख्खी कविता किंवा नाटक मूळ भाषेत वाचावं लागतं. ज्यांना भाषा फक्त नोकरीसाठी हवी असते ते तिथे कंटाळतात. अशांनी बीकॉम, बीएमएस किंवा इंजिनिअरिंग करता करता बाजूने बी-टूपर्यंत (सहापैकी चौथ्या पायरीपर्यंत) जावं. वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

दिल्लीत स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेरबांतेस ही संस्था 2009 पासून आहे. तिचे ऑनलाइन वर्ग ठाण्यात बसूनही करता येतात.

बी-टूपर्यंत पोचायला किती दिवस लागतात?

भाषेची पातळी मोजायच्या युरोपीय चौकटीत ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. अमेरिकी परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना कामापुरती पक्की स्पॅनिश यायला वर्गाचे 600 ते 750 तास धरतं. रोज दीड तास खरोखर दिला, तर बी-टूला दीड ते दोन वर्षं. आठवड्याला फक्त रविवारचा वर्ग केला, तर पाच वर्षांनीही ए-टूच्या आसपास घुटमळाल, कारण सोमवार ते शनिवारात विसरायला भरपूर वेळ मिळतो.

रोजचा वेळ काढायचा कुठून?

ठाणे-वाशी लोकलमधून काढा. ठाण्यानंतर दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि मग वाशी: आठ टप्पे. एका टप्प्याला एक क्रियापद घ्या आणि सहाही रूपं ओठांतल्या ओठांत म्हणा. ‘बोलणे’चं आब्लार घेतलं तर आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. येताना तीच आठ क्रियापदं भूतकाळात. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण यासाठी हात लागत नाहीत. ऐकण्याचा सराव मात्र घरी, शांततेत करा. ट्रान्स-हार्बरच्या खडखडाटात शब्दांचे शेवट ऐकू येत नाहीत, आणि स्पॅनिशमध्ये कोण बोलतंय, कधी बोलतंय हे सगळं शेवटातच असतं.

इंग्रजी कच्ची आहे. अडेल का?

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक वर्ग स्पॅनिश इंग्रजीच्या दारातून शिकवतात आणि मराठी मुलांना नको तो वळसा पडतो.

‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये: मे गुस्ता एल मांगो. मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो. आंबे अनेक झाले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तेही म्हणतात: मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीतून विचार करणारा ‘यो गुस्तो’ म्हणून मोकळा होतो, आणि ही चूक सुधारायला त्याला महिने लागतात. तुम्हाला ती करायचं कारणच नाही.

पुढचं बघा. आपण ‘मी घर पाहतो’ म्हणतो, पण ‘मी मारियाला पाहतो’. माणूस आला की ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्ये हेच काम आ करतो: बेओ ला कासा, पण बेओ आ मारिआ. आणखी बारीक बघायचं तर ‘डॉक्टर शोधतोय’ (कुणीही चालेल) आणि ‘डॉक्टरांना शोधतोय’ (आपले नेहमीचे) यांतला फरकही तिथे जसाच्या तसा आहे: बुस्को उन मेदिको आणि बुस्को आल मेदिको. इंग्रजीत या दोन्हींत फक्त उपपद बदलतं. पाठ्यपुस्तकात यावर दोन पानांचे नियम असतात. तुम्ही वाक्य आधी मराठीत म्हणा. ‘ला’ किंवा ‘ना’ आला तर बहुतेक वेळा आ लावायचा.

भूतकाळाचंही तसंच. ‘काल आम्ही उपवनला गेलो’ याला फुइमोस. ‘लहानपणी दर रविवारी उपवनला जायचो’ याला ईबामोस. एकदा घडलेलं आणि नेहमी घडायचं यांतला भेद मराठीला उपजत आहे. शिवाय ‘तू यावंस असं वाटतं’ यातला ‘यावंस’ म्हणजे स्पॅनिश विद्यार्थ्यांना घाम फोडणारा सब्जंक्टिव्ह (इच्छा सांगणारं क्रियापदाचं रूप): किएरो के बेंगास. ‘पाऊस पडो’ला ओखाला युएबा. ‘तुला ते देतो’ला ते लो दोय, शब्दांचा क्रमही तोच.

तू-तुम्हीचा प्रश्न तर आपल्याला कधी पडूच नये. तू म्हणजे तूच, उच्चारासकट. तुम्ही किंवा आपण म्हणजे उस्तेद.

म्हणजे मराठी माणसाला काहीच अवघड नाही?

आहे ना. ‘आहे’च अवघड आहे. त्याला तिथे दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. आपल्याकडेही ‘आहे’ आणि ‘असतो’ अशी जोडी असल्यामुळे मुलं ती थेट चिकटवतात आणि फसतात. आपली जोडी ‘आत्ता’ आणि ‘नेहमी’ अशी आहे, त्यांची तशी नाही. सेर वस्तू मुळात काय किंवा कशी आहे ते सांगतं, एस्तार ती कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते. एस आबुर्रीदो म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे, एस्ता आबुर्रीदो म्हणजे तो कंटाळलाय. ‘सेर कायमचं, एस्तार तात्पुरतं’ हा वर्गातला सोपा नियम लवकर सोडा. माद्रिद कायम स्पेनमध्येच आहे, पण तिथे एस्तारच लागतं. मेलेला माणूस मेलेलाच राहतो, त्यालाही एस्तार.

लिंगं दोनच आहेत, नपुंसक नाही. आपल्याला वस्तूंना लिंग असण्याचं नवल वाटत नाही, ‘चांगला-चांगली’ बदलायचीही सवय असते. तरी मराठीतलं लिंग तिथे नेऊ नका. शब्द पाठ करताना एल किंवा ला लावूनच करा. ‘ओ’ने संपणारे बहुधा पुल्लिंगी, ‘आ’ने संपणारे बहुधा स्त्रीलिंगी. अपवाद सुरुवातीलाच भेटतात: एल दिआ (दिवस), एल मापा (नकाशा), एल प्रोब्लेमा, आणि उलट बाजूने ला मानो (हात). पाणी स्त्रीलिंगी असूनही एल आग्वा म्हणायचं, पण थंड पाणी मात्र एल आग्वा फ्रिआ.

‘पोर’ आणि ‘पारा’ या दोन स्पॅनिश शब्दांत गोंधळ झाला की मराठीत म्हणून बघा. ‘तुझ्यामुळे’ असेल तर पोर ती, ‘तुझ्यासाठी’ असेल तर पारा ती. सगळीकडे नाही, पण पहिल्या वर्षाला पुरतं.

उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालतील का?

पहिले दोन आठवडे जरूर. त, द, प, क अगदी आपले आहेत, दाताला जीभ लावून, ‘ह’चा श्वास न सोडता. इंग्रजी सवयीने ‘टेंगो’ म्हणू नका, तेंगो म्हणा. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, ॲ नाही, ऑ नाही आणि आपला अ तर मुळीच नाही. ‘एच’ मुका, म्हणून हॉटेलचं ओतेल. ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकच, म्हणून गाय म्हणजे बाका.

नंतर देवनागरी सोडा, कारण दोन स्वरांमधला द आणि ब इतका सैल होतो की त्याला अक्षर नाही.

दोन ठिकाणी चूक महाग पडते. पेरो म्हणजे पण, आणि पेर्रो म्हणजे कुत्रा. दुसऱ्यात र जिभेवर दोन-तीनदा थरथरायला हवा. दुसरी चूक डोक्यावर नागमोडी रेघ असलेल्या ‘एन’ची, ज्याचा उच्चार आपल्या ञजवळ जातो. वय सांगताना तेंगो बेइन्ते आन्योस म्हणायचं असतं. ती रेघ विसरून आनोस लिहिलंत की वीस वर्षांऐवजी शरीराच्या भलत्याच भागाची संख्या सांगितली जाते. असे अर्ज अजूनही दरवर्षी लिहिले जातात.

स्पेनची स्पॅनिश शिकावी की लॅटिन अमेरिकेची?

शिक्षक जी बोलतात ती. व्याकरण एकच आहे. फरक कानाला जाणवतात: ग्रासिआसमधला पहिला ‘स’ स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून काढतात, अमेरिका खंडात साधा स. रस्ता म्हणजे काये, तोच ब्युनोस आयरेसमध्ये काशे. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला बोसोत्रोस, अटलांटिकपलीकडे सगळ्यांना उस्तेदेस. अर्जेंटिनात तूच्या जागी बोस येतं. बोगोतात घरच्या माणसांनाही उस्तेद म्हणतात, त्यामुळे तिथे कुणी उस्तेद म्हटलं तर तो रुसलाय असं समजू नका.

एक शब्द मात्र आजच लक्षात ठेवा. बस ‘पकडणे’ला स्पेनमध्ये कोखेर म्हणतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो अश्लील आहे. तिथे तोमार म्हणा. आणि मेक्सिकन माणूस आओरिता म्हणाला तर ते आपल्या ‘आलोच’सारखं आहे. घड्याळ बघू नका.

संस्कृतीच्या पेपरात काय असतं? नुसता फ्लामेंको आणि बैलांची झुंज?

तेवढंच शिकवत असतील तर तक्रार करा. नीट अभ्यासक्रमात 711 मध्ये अरब-बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरलं तिथपासून सुरुवात होते. 1492 हे साल तीन कारणांनी पाठ हवं: ग्रानादा हे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं, कोलंबस निघाला आणि नेब्रिखाने कास्तेयानो (म्हणजेच स्पॅनिश) भाषेचं पहिलं छापील व्याकरण काढलं. पुढे सेरबांतेसची ‘दोन किखोते’ ही कादंबरी, 1605 आणि 1615 असे दोन भाग. मग अमेरिकेतल्या वसाहतींचं स्वातंत्र्य, 1936 ते 1939 चं यादवी युद्ध, 1975 मध्ये हुकूमशहा फ्रांकोचा मृत्यू, 1978 ची राज्यघटना. लॅटिन अमेरिकेतून मिस्त्राल (साहित्याचं नोबेल 1945), नेरुदा (1971), गार्सिया मार्केस (1982). ऑक्टाव्हिओ पास (1990) 1962 ते 1968 मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते, आणि मेक्सिकोच्या सरकारने विद्यार्थ्यांवर केलेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी ते पद सोडलं. भारताशी धागा जोडायचा असेल तर हा घ्या, किंवा 1924 मध्ये अर्जेंटिनात लेखिका व्हिक्टोरिया ओकांपोकडे राहिलेले टागोर घ्या. योगा आणि बॉलीवूड यावर निबंध लिहू नका, परीक्षकाने शंभर वाचलेले असतात.

स्वयंपाकघरातून सुरुवात केली तर हा विषय जास्त लक्षात राहतो. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग, पपई, पेरू ही सगळी अमेरिका खंडाची देणगी. 1492 च्या आधी आपल्या मिसळीत लाल तर्री असणं शक्यच नव्हतं. उलट दिशेने आपला ‘नारिंग’ फारसी-अरबीतून जात स्पेनमध्ये नारांखा झाला आणि शर्करेची आसुकार झाली.

मराठीत स्पॅनिश शब्द आहेत का?

आहेत ते पोर्तुगीजमधून आलेले, पण दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी असल्याने कामाला येतात. पाव म्हणजे पान, साबण म्हणजे खाबोन, चावी म्हणजे याबे, बिजागरी म्हणजे बिसाग्रा. पगार हा तिथे ‘पैसे देणे’ हे क्रियापद आहे. बटाटा स्पेनमध्ये पाताता, पलीकडे पापा. पण शेवटच्या ‘आ’वर जोर दिलात की पापा म्हणजे बाबा.

ठाणेकरांनी हे लक्षात ठेवावं: इथला किल्ला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. ‘तुरुंग’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. शिवाय 1580 ते 1640 अशी साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. तेव्हा वसई-ठाणे कागदावर तरी माद्रिदच्याच राजाचं होतं.

देले द्यावी की सिएले?

दोन्ही स्पॅनिशची पातळी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षा आहेत. देलेचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण एकाच पातळीची परीक्षा असते: उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. सिएले संगणकावर होते, चार भागांना 250 प्रमाणे 1000 गुण, नापास कुणी होत नाही, पण निकाल पाचच वर्षं ग्राह्य. परदेशी प्रवेशासाठी घाईने पुरावा हवा असेल तर सिएले, बायोडेटात कायमचं लिहायचं असेल तर देले.

देले ए-वनला वाचन 45 मिनिटं, ऐकणं 25, लेखन 25 आणि तोंडी 10 मिनिटं (तयारीची 10 वेगळी). प्रत्येक भाग 25 गुणांचा. वाचन-लेखन हा एक गट, ऐकणं-बोलणं हा दुसरा, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे 50 पैकी 30 हवेत. समजा वाचनात 22, लेखनात 20, बोलण्यात 18 आणि ऐकण्यात 10 मिळाले. एकूण 70 झाले, तरी दुसऱ्या गटात 28 म्हणून नापास. आपली मुलं इथेच पडतात, कारण अभ्यास कागदावर होतो. शेवटचा महिना निम्मा वेळ कानाला द्या.

अर्ज भरतानाची चूक वेगळीच. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अर्जात पहिलं आडनाव, दुसरं आडनाव अशा दोन चौकटी येतात आणि आपण सवयीने वडिलांचं नाव एकीत टाकतो. प्रमाणपत्र छापून आलं की ‘सुरेश’ आडनाव होऊन बसतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’खाली जे आहे ते सगळं नावाच्या चौकटीत, आडनाव पहिल्या चौकटीत, दुसरी रिकामी ठेवा.

नोकरी कुठे लागते? मुलगी रात्री उशिरा येईल का?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. ऐरोली, महापे, घणसोली आणि वागळे इस्टेटच्या कंपन्यांत स्पॅनिशचं काम बहुधा ग्राहकसेवा, हिशेब आणि खरेदी विभागांत असतं, आणि फोनवर बोलायचं असेल तर बी-टू मागतात. वेळ कोणत्या देशाशी काम आहे यावर ठरते. माद्रिदचे सकाळचे 9 म्हणजे आपले हिवाळ्यात दुपारचे दीड, उन्हाळ्यात साडेबारा. ब्युनोस आयरेसचे 9 म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. बोगोता-लिमाचे साडेसात, मेक्सिको सिटीचे रात्रीचे साडेआठ. म्हणजे मेक्सिकोचं काम पहाटे संपतं, स्पेनचं शेवटच्या लोकलच्या आत. मुलाखतीत पगाराआधी देश विचारा.

दुसरी वाट न्हावा शेवा बंदराची. माल पाठवणाऱ्यांना फाक्तूरा (बिल), कोनोसिमिएन्तो दे एम्बार्के (जहाजावर माल चढवल्याची पावती) आणि आदुआना (जकात) यांची भाषा लागते. आदुआना हा आपल्या दिवाणीचाच अरबीमार्गे गेलेला भाऊ. आकडे जपून वाचा. स्पेन, कोलंबिया, अर्जेंटिनात 1.500 म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. मेक्सिकोत मात्र टिंब आपल्यासारखंच. आणि उन बियोन म्हणजे शंभर कोटी नाही, एक लाख कोटी. शंभर कोटींना मिल मियोनेस.

निव्वळ भाषांतरावर पोट भरायचा बेत असेल तर बी-टू पुरत नाही. सरळ मजकूर आता यंत्र करतं. माणसाकडे कायद्याचं, औषधांचं किंवा यंत्रसामग्रीचं काम येतं आणि त्यासाठी तो विषयही यावा लागतो.

भाषांतराचं ॲप वापरलं तर?

शब्द बघायला चालेल. पण मराठी वाक्य अनेकदा इंग्रजीच्या वाटेने पलीकडे जातं आणि वाटेत ‘तुम्ही’चं तू होतं. ग्राहकाला पाठवायच्या पत्रात हे शोभत नाही. शब्दाचा अर्थ पक्का करायला स्पॅनिश अकादमीचा कोश बघा. 1713 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे.

ती नागमोडी रेघ आणि उलटं प्रश्नचिन्ह संगणकावर कसं काढायचं?

विंडोजवर आल्टची कळ दाबून धरा आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर टाइप करा: नागमोडी ‘एन’ला 164, जोराच्या चिन्हासह आ 160, ए 130, ई 161, ओ 162, ऊ 163. उलटं प्रश्नचिन्ह 168, उलटं उद्गारचिन्ह 173. लॅपटॉपला ती पट्टी नसेल तर सेटिंगमध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडा. मग ‘एल’च्या शेजारच्या कळीवर ते ‘एन’ थेट मिळतं. फोनवर साधं अक्षर दाबून धरलं की पर्याय वर येतात.